अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, गाभा क्षेत्र: कायद्याने ‘कडक संरक्षण’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलाच्या तोंडाशी पाटी असते: ‘वन्यजीव क्षेत्र. विनापरवाना प्रवेश केल्यास कायदेशीर कारवाई.’ कारवाई कुठल्या कलमाखाली, आतल्या माणसांच्या हक्कांचं काय आणि ही हद्द कोणी, केव्हा ठरवली, हे पाटीवर नसतं. ते राजपत्रातल्या अधिसूचनेत असतं. खालची सगळी उत्तरं त्या एका कागदाभोवती फिरतात. संदर्भ मुख्यतः वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती धरूनच लिहिलं आहे.

भारतात ‘कडक संरक्षित राखीव क्षेत्र’ असा कायदेशीर प्रकार आहे का?

त्या नावाचा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या वर्गवारीत पहिलाच प्रकार (१-अ) कडक निसर्ग राखीव क्षेत्राचा आहे. तिथे माणसाचा वावर जवळपास शून्य असतो, आणि जो असतो तो संशोधनापुरता. रशियातलं ‘झापोवेदनिक’ हा त्याचा जुना नमुना. बैकल सरोवराकाठी सेबल या प्राण्यासाठी स्थापन झालेलं बारगुझिन हे त्यातलं शंभर वर्षांहून जुनं क्षेत्र. तिथल्या १९९५ च्या संघीय कायद्यानुसार अशा जमिनीवर आर्थिक वापर पूर्ण बंद असतो.

आपल्या कायद्यात संरक्षित क्षेत्राचे चार प्रकार आहेत: अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव. यांच्यावर व्याघ्र प्रकल्प हा आणखी एक थर येतो. १-अ च्या सर्वांत जवळ जाणारा शब्द आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यासाठी वापरला आहे: ‘अनुल्लंघनीय’. पण त्याच वाक्यात ‘अनुसूचित जमाती व इतर वननिवासींच्या हक्कांना बाधा न आणता’ अशी अटही आहे. हे दोन तुकडे एकत्र वाचायचे असतात. सभेत, बातमीत किंवा कार्यालयात बहुतेक वेळा त्यातला एकच वाचून दाखवला जातो, आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं.

अमुक क्षेत्राचा कायदेशीर दर्जा काय, हे खात्रीने कसं कळेल?

अधिसूचना मिळवा आणि तिच्यात चार गोष्टी बघा: कलम, तारीख, क्षेत्रफळ आणि परिशिष्ट. कलम १८ असेल तर ती अभयारण्याच्या इराद्याची अधिसूचना आहे, २६अ असेल तर अंतिम. ३५(१) म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा इरादा, ३५(४) म्हणजे अंतिम. ३६अ म्हणजे संवर्धन राखीव, ३६क म्हणजे समुदाय राखीव आणि ३८व म्हणजे व्याघ्र प्रकल्प.

परिशिष्टात चतुःसीमा दिलेली असते: उत्तरेला अमुक नाला, पूर्वेला अमुक गावाची शीव. रस्ता, नदी, डोंगराची धार अशा सहज ओळखता येणाऱ्या खुणांनी हद्द सांगितली तरी कायद्याला ती पुरते. त्यामुळे कधी गट नंबरांची यादी असते, कधी नसते. यादी नसेल तर उपवनसंरक्षक कार्यालयाकडून नकाशा व अक्षांश-रेखांश मागा आणि ते भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर बसवून घ्या. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यावर एकट्यावर विसंबू नका. अधिसूचना निघूनही तिथे वर्षानुवर्षं नोंद न झालेली गावं आहेत. नोंद नसली म्हणून अधिसूचना लागू होत नाही, असं नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत नेमका फरक काय?

‘राष्ट्रीय उद्यान केंद्राचं, अभयारण्य राज्याचं’ हे सर्रास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. दोन्ही राज्य सरकारच जाहीर करतं. शिकारबंदी, प्रवेशाचा परवाना, आग, शस्त्र, विषारी पदार्थ या बाबतींतले नियम दोन्हीकडे जवळपास एकच आहेत.

खरा फरक दोन उपकलमांत आहे. अभयारण्यासाठी हक्कांची चौकशी करताना जिल्हाधिकाऱ्यांना कलम २४(२)(क) खाली, मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून, एखादा हक्क पुढे चालू ठेवता येतो. राष्ट्रीय उद्यानाला चौकशीची हीच पद्धत लागू करताना कायद्याने नेमकं ते उपकलम वगळलं आहे. तसंच अभयारण्यात कलम ३३(ड) नुसार गुरांच्या चराईचं नियमन करता येतं. राष्ट्रीय उद्यानाला ३३ ची अ, ब आणि क ही उपकलमंच लागू आहेत, ड नाही. उलट ३५(७) स्पष्ट सांगतं की तिथे चराई नाही आणि प्रवेशाची परवानगी असलेल्या माणसाचं वाहन म्हणून जुंपलेलं जनावर सोडून एकही पाळीव जनावर आत येता कामा नये.

थोडक्यात, अभयारण्यात हक्क शिल्लक राहू शकतो. राष्ट्रीय उद्यान अंतिम व्हायचं तर आतले सगळे हक्क आधी सरकारजमा व्हावे लागतात.

ताडोबा हे याचं चांगलं उदाहरण. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं ताडोबा, क्षेत्र ११६.५५ चौ.किमी. त्याला लागून अंधारी अभयारण्य, ५०९.२७ चौ.किमी. दोन्ही मिळून ६२५.८२ चौ.किमी.चा गाभा होतो. पर्यटकाला जिप्सीतून जंगल सलग दिसतं. कायद्याच्या दृष्टीने वाटेत एक हद्द ओलांडलेली असते.

इराद्याची अधिसूचना निघाली, अंतिम नाही. मग निर्बंध लागू होतात का?

अभयारण्याच्या बाबतीत होय, लगेच. कलम १८अ नुसार इराद्याच्या अधिसूचनेपासूनच २७ ते ३३अ ही कलमं लागू होतात. ‘अजून फायनल झालं नाही, सध्या चालतं’ हा सल्ला कोणी दिला तर मानू नका. मात्र त्याच १८अ मध्ये सरकारवरही जबाबदारी आहे: हक्कांचा निकाल लागेपर्यंत बाधित लोकांच्या सरपण, चारा व इतर वनोपजाची पर्यायी सोय करायची. ग्रामसभेने ती मागणी लेखी करावी, कलमाचा उल्लेख करून. हा भाग गावांना माहीतच नसतो, म्हणून मागितला जात नाही.

आमच्या गटावर कलम १८ आलं आहे. दावा कसा दाखल करायचा?

अधिसूचनेपासून ३० दिवसांत चौकशीसाठी जिल्हाधिकारी नेमायचे असतात. प्रत्यक्षात काम बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे येतं. ६० दिवसांत त्यांनी प्रत्येक गावात, स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करायचा. त्या जाहीरनाम्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत तुमचा लेखी दावा विहित नमुन्यात जायला हवा. दोन महिने अधिसूचनेपासून मोजू नका, जाहीरनाम्यापासून मोजा. चावडीवर तो कधी लागला याचा फोटो काढून ठेवा आणि पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घ्या.

दाव्यात हक्काचं स्वरूप आणि व्याप्ती लिहायची, मोबदला मागत असाल तर त्याची रक्कम व तपशील द्यायचा. सोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा. फक्त मालकी लिहून थांबू नका. विहीर, पाण्याची पाळी, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट, देवराईतली वार्षिक पूजा, पाणवठा, मोहाची झाडं असा एकेक हक्क सुटा लिहा. आदेशही हक्कागणिक होतो: कुठला मान्य, कुठला अमान्य, कुठला संपादित, कुठला चालू ठेवला. ‘वडिलोपार्जित वहिवाट’ असं मोघम लिहिलं की वाट आणि पाणी दोन्ही हातचं जातं. पोच घेतल्याशिवाय दावा टेबलावर ठेवून येऊ नका.

मुदत चुकली तरी सगळं संपलं असं नाही. ज्यावर दावा आला नाही, पण जो सरकारी दप्तरातून किंवा जाणकारांच्या साक्षीतून कळू शकतो, अशा हक्काचीही चौकशी कलम २२ नुसार करायची असते. हक्कनोंदीची, वाजिब-उल-अर्जची (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) जुनी प्रत इथे उपयोगी पडते.

जमीन संपादित होणार असेल तर लक्षात ठेवा: १८९४ च्या भूसंपादन कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली आहे. मोबदल्याचं बोलणं २०१३ च्या तरतुदी हातात घेऊन करा.

ही चौकशी किती वर्षं चालते?

कलम २५अ म्हणतं, शक्यतो दोन वर्षं. त्याच कलमात पुढे असंही आहे की दोन वर्षांत झालं नाही म्हणून अधिसूचना रद्द होत नाही. त्यामुळे मुदतीला दात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट १९९७ ला राज्यांना ही प्रक्रिया वर्षभरात उरकायला सांगितलं होतं. तरी आजही इरादा आणि अंतिम यांच्या मधे लोंबकळलेली क्षेत्रं आहेत. यात प्राण्यांचं संरक्षण पक्कं होत नाही आणि माणसाला मोबदलाही मिळत नाही. दोघांवरही हा अन्याय आहे.

अभयारण्याच्या हद्दीतली खाजगी जमीन विकत घ्यावी का?

नाही. कलम २० नुसार इराद्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या जमिनीवर वारसा किंवा मृत्युपत्र सोडून अन्य मार्गाने नवा हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत नोंदवलं जाईल, मुद्रांक शुल्क भराल, कदाचित फेरफारही पडेल. पण चौकशीत तुमचं नाव हक्कदार म्हणून टिकणार नाही. ‘जंगलाला लागून फार्महाऊस प्लॉट’ अशी जाहिरात दिसली की आधी उपवनसंरक्षकांकडून लेखी घ्या की तो गट हद्दीच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर किती अंतरावर.

राखीव वन म्हणजेच अभयारण्य ना?

नाही. राखीव वन भारतीय वन अधिनियम, १९२७ खालचं. तिथले हक्क त्या कायद्याने आधीच निकाली निघालेले असतात, म्हणून राखीव वनाचं अभयारण्य करताना १८ ते २५ ची सगळी चौकशी पुन्हा करावी लागत नाही. थेट २६अ खाली जाहीर करता येतं.

गाभा आणि बफर यांत कायद्याने काय बदलतं?

गाभा म्हणजे राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांतला तो भाग, जो वाघासाठी अनुल्लंघनीय ठेवणं शास्त्रीय व वस्तुनिष्ठ निकषांवर गरजेचं ठरलं आहे. बफर त्याच्याभोवती, तिथे संरक्षण तुलनेने सौम्य, शेती-गावठाण तसंच, आणि हद्द ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवायची. बफरमध्ये शेत आहे म्हणून तुम्ही अभयारण्यात राहता असं होत नाही.

सर्वांत मोठा फरक शिक्षेत आहे आणि तो लोकांना सर्वांत कमी ठाऊक आहे. सरपणाची एक मोळी घ्या. गाभ्याबाहेरच्या अभयारण्यातून ती आणली तर सर्वसाधारण शिक्षा: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. तडजोडीच्या रकमेची कमाल मर्यादा आता पाच लाख आहे. तीच मोळी गाभ्यातून आणली तर कलम ५१(१क) लागतं. त्याची भाषा ‘गाभा क्षेत्रासंबंधी गुन्हा’ अशी सरसकट आहे: कमीत कमी तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत, शिवाय ५० हजार ते दोन लाख दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षं आणि पाच ते ५० लाख दंड. आणि जिथे किमान कैद ठरलेली आहे तिथे तडजोड होत नाही. गाभ्याची हद्द कुठल्या नाल्यावरून जाते हे गावाला दाखवून देणं म्हणूनच अत्यावश्यक आहे. सीमाखांब उन्मळलेला, पाटी गंजलेली अशा जागी नेमकी गरीब बाई मोळीसह सापडते. गुन्हा हद्दीवर ठरतो, म्हणून हद्द डोळ्यांना दिसलीच पाहिजे.

गाभ्यातून गाव सक्तीने उठवता येतं का?

येत नाही. कलम ३८व(५) नुसार पुनर्वसन ऐच्छिक आणि परस्पर मान्य अटींवरच. त्याआधी वनहक्कांची मान्यता पूर्ण झालेली हवी. माणसांच्या वावराने वाघाला व अधिवासाला भरून न येणारी हानी होते हे सिद्ध झालेलं हवं आणि त्यात स्थानिकांची संमती व त्या भागाची माहिती असलेल्या पर्यावरण व समाजशास्त्रज्ञाचा सल्ला हवा. सहअस्तित्वाचा पर्याय उरला नाही असा निष्कर्ष हवा. ग्रामसभेची आणि बाधित व्यक्तींची माहितीपूर्ण संमती हवी. आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार हव्यात. तोवर आहे त्या हक्कांना हात लावता येत नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं पॅकेज २०२१ पासून कुटुंबामागे १५ लाख रुपये आहे, त्याआधी १० लाख होतं. एक पर्याय पूर्ण रोख रकमेचा, दुसरा वनखात्यामार्फत जमीन-घरासह पुनर्वसनाचा. यादी बनताना सज्ञान मुलामुलींची नोंद सुटं कुटुंब म्हणून झाली का, विधवा व परित्यक्ता सुटल्या का, हे गावातच वाचून घ्या. यादी अंतिम झाल्यावर नाव घालायला कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात.

अभयारण्यात वनहक्क कायदा लागू होतो का?

होतो. २००६ च्या कायद्यातल्या ‘वनजमीन’ या व्याख्येतच अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान आहेत. ‘इथे वन्यजीव कायदा आहे, तुमचा दावा घेता येत नाही’ असं कोणी तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्कांना ब, सामूहिक वनसंपत्तीवरच्या हक्काला क. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो, आणि बिगर-आदिवासी वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. दावा फेटाळला तर कारणासह लेखी निर्णय घ्या. वरच्या समितीकडे जायला ६० दिवस मिळतात. शिकारीचा हक्क मात्र या कायद्यानेही दिलेला नाही.

विनापरवाना आत कोण जाऊ शकतं?

कलम २७ नुसार कर्तव्यावरचा सरकारी नोकर, राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेला, सार्वजनिक महामार्गाने पलीकडे जाणारा, आणि यांतल्या पहिल्या तिघांचे अवलंबित. कर्नाळ्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. गाडीतून सरळ जाणाऱ्याला परवाना नको. गाडी कडेला लावून किल्ल्याच्या वाटेला लागलात की तुम्ही अभयारण्यात शिरलात.

बाकी सगळ्यांना कलम २८ खाली परवाना लागतो: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आतल्या रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार. चित्रीकरणाला २०२२ पासून स्पष्ट अट आहे की अधिवासात बदल किंवा वन्यजीवांवर वाईट परिणाम होता कामा नये. वन्यजीव चिडवणं आणि कचरा टाकणं हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

‘शस्त्र’ या शब्दाकडे नीट बघा. व्याख्येत बंदूक आहे तसे चाकू, गळ, जाळं, फासे, धनुष्यबाण आणि विषही आहे. कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय यांतलं काहीही नेता येत नाही. आत शेत असलेल्याने शेतीची अवजारं घेऊन रोज जावं लागत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयातून एकदाच लेखी परवानगी घेऊन ठेवावी.

वाळकं लाकूड, पडलेली फांदी, गवत तरी आणता येतं का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्यानं व अभयारण्यांतून मेलेली, वाळलेली, वाऱ्याने पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड आणि गवत काढायला मनाई आहे. ‘वाळकंच तर आहे’ हा बचाव चालत नाही. वाळक्या खोडाच्या ढोलीत घुबड, पिंगळा, धनेश राहतात, पडक्या लाकडाखाली विंचू-सरडे. कायद्याला ते सगळं अधिवास म्हणून वाचवायचं आहे. अपवाद दोन ठिकाणांहून येतो: वनहक्क कायद्याने मान्य झालेला गौण वनोपजाचा हक्क, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी चालू ठेवलेला हक्क. घरगुती व पिण्याच्या पाण्याचा स्थानिकांचा खराखुरा वापर २०२२ च्या दुरुस्तीने मनाईतून स्पष्ट बाहेर ठेवला आहे.

मासेमारीचंही तसंच. पेंच जलाशयाबद्दल (तोतलाडोह) सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मध्य प्रदेशाच्या बाजूने दिलेले ३०५ परवाने अटींवर चालू ठेवले, कारण राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचनाच निघाली नव्हती आणि हक्कांचा निकाल लागला नव्हता. अर्धवट प्रक्रियेचा परिणाम कसा होतो ते त्यात दिसतं.

वनरक्षकाने पकडलं तर पुढे काय होतं?

प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे ‘पीओआर’, फाडला जातो. जप्तीचा पंचनामा होतो. अटक झाली तर विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं. सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकृत अधिकाऱ्यापुढे आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष न्यायालयात ग्राह्य धरली जाते, त्यामुळे न वाचता सही करू नका. गुन्ह्यात वापरलेलं वाहन कलम ३९ खाली सरकारी मालमत्ता ठरू शकतं. भाड्याने ट्रॅक्टर देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अभयारण्यातल्या शिकारीला तीन ते सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड.

खटले सुटतात ते बहुधा कागदामुळे: पंचनाम्यात जीपीएस वाचन नाही, कंपार्टमेंट क्रमांक चुकला, अधिसूचनेची प्रत दोषारोपासोबत जोडलेलीच नाही. घटना हद्दीच्या आत घडली हे सिद्ध झालं नाही तर कडक कलमाचा काही उपयोग राहत नाही.

हद्द बदलता येते का?

राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस असल्याशिवाय नाही. शिवाय १३ नोव्हेंबर २००० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अनारक्षणाला, म्हणजे संरक्षित दर्जा काढून घेण्याला, अटकाव केला आहे. पण हद्द आधीच चुकीची आखली तर काय होतं, त्याचं उदाहरण सोलापूर-अहमदनगरचं माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये ते ८,४९६ चौ.किमी.चं जाहीर झालं. त्यात माळरानासोबत बागायती शेतं, गावं, चालते बाजार सगळं आलं. शेतकऱ्याला विहीर-पाइपलाइनपासून खरेदी-विक्रीपर्यंत अडचण, आणि पक्ष्याच्या वाट्याला लोकांचा राग. शेवटी ते सुमारे १,२२२ चौ.किमी.वर आणलं गेलं. तोवर माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. लहान पण नेमकी आणि सांभाळता येणारी हद्द आधीच आखली असती तर माळरानाचं अधिक भलं झालं असतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आतून रस्ता, वीजवाहिनी, कालवा न्यायचा असेल तर?

कलम २९ किंवा ३५(६) ची कसोटी अशी की ते काम वन्यजीवांच्या सुधारणेसाठी व चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे का. ‘लोकांच्या सोयीचं’ एवढं पुरत नाही. अर्ज ‘परिवेश’ पोर्टलवर. मग क्षेत्रीय अहवाल, मुख्य वन्यजीव रक्षक, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचं राज्य मंडळ आणि शेवटी राष्ट्रीय मंडळाची स्थायी समिती. वनजमिनीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालची मंजुरी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी गृहीत धरता येत नाही. गोव्यात भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली होती.

इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणजे अभयारण्याचाच विस्तार का?

नाही, कायदाच वेगळा. संरक्षित क्षेत्राभोवतीचा हा पट्टा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतो. तिथे शेती, घर, विक्री बंद होत नाही. कामांचे तीन गट असतात: बंदी असलेली, नियंत्रित, आणि चालणारी. तुमच्या क्षेत्राची अंतिम अधिसूचना काढून तुमचं काम कुठल्या गटात आहे ते बघा. प्रत्येक अभयारण्य-उद्यानाभोवती किमान एक किलोमीटरचा झोन ठेवण्याचा ३ जून २०२२ चा सरसकट आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ ला सैल केला, पण संरक्षित क्षेत्रात आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला मनाई कायम ठेवली. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान याच कायद्याखाली आहेत.

संवर्धन राखीव, समुदाय राखीव, जैविक वारसा स्थळ हे कितपत कडक?

बरंच सौम्य. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून. विशेषतः दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यात. सिंधुदुर्गातलं तिलारी २०२० मध्ये असंच जाहीर झालं. समुदाय राखीव खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकाने किंवा समाजाने आपणहून पुढे आल्यास. पण एकदा झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्याची मान्यता दोन्ही लागतात, म्हणून हो म्हणण्याआधी घरात नीट बोलून घ्या.

जैविक वारसा स्थळ जैवविविधता अधिनियम, २००२ खाली. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या इवल्या माशाचा अधिवास २०२१ मध्ये असा घोषित झाला. देवळाच्या कुंडाएवढ्या जागेलाही कायद्याचं छत्र मिळू शकतं.

जागतिक वारसा, रामसर (पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा), बायोस्फिअर रिझर्व्ह हे शिक्के लागले की संरक्षण वाढतं का?

मान वाढतो, जबाबदारीची अपेक्षा वाढते. वन्यजीव कायद्याचं एकही कलम त्या शिक्क्याने आपोआप लागू होत नाही. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. चांदोलीत कडक नियम आहेत ते तिथे राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना आहे म्हणून.

गुन्हा होताना दिसला, तर सामान्य माणूस काय करू शकतो?

महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६. जागा, वेळ, वाहन क्रमांक, जमल्यास अक्षांश-रेखांश सांगा. स्वतः पाठलाग करू नका. मग उपवनसंरक्षकांना लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक घ्या. कारवाई झाली नाही तर कलम ५५ मार्ग देतं: गुन्ह्याची आणि फिर्याद करण्याच्या इराद्याची ६० दिवसांची नोटीस सक्षम अधिकाऱ्याला दिली की कोणतीही व्यक्ती थेट न्यायालयात फिर्याद करू शकते. नोटीस पोचपावतीच्या टपालाने पाठवा, तिच्यात कलम ५५ चा उल्लेख करा आणि क्षेत्राच्या अधिसूचनेची प्रत सोबत जोडा.